शांघायच्या गल्लीतलं कोरियाचं सरकार: पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी

शांघायला आमच्याकडे पाहुणे आले की त्यांचे प्रश्न ठरलेले असतात. बंड या नदीकाठच्या रस्त्यावर दिवे किती वाजता लागतात, व्हेज कुठे मिळेल, आणि बॅगा स्वस्त कुठे. कोरियाच्या हंगामी सरकारचं घर कुठे आहे, असं आजवर एकानेही विचारलेलं नाही. मीच त्यांना ओढून नेतो. त्यातले निम्मे वीस मिनिटांत बाहेर येतात आणि तोंडावर लिहिलेलं असतं, ‘एवढंच?’ उरलेल्या निम्म्यांना शेवटी हाताला धरून बाहेर काढावं लागतं. घर तेच, तिकीट तेच. फरक एवढाच, की दुसरे निम्मे थोडं वाचून आलेले असतात.

म्हणून हा लेख उलट्या क्रमाने लिहितोय. मेट्रो आणि तिकीट नंतर. आधी जे घरी बसून करायचं ते.

पायरी पहिली: गोष्ट घरूनच घेऊन जा

याचं एक अगदी व्यावहारिक कारण आहे. आत फोटो काढायला बंदी आहे. म्हणजे फलकावर मोबाइल धरून भाषांतर करून घ्यायची आपली नेहमीची युक्ती तिथे चालत नाही. फलक मुख्यतः चिनी आणि कोरियन भाषेत. तुम्ही काही माहिती न घेता गेलात, तर तुम्हाला दिसतील जुनी टेबलं, जुन्या खाटा आणि मिशीवाल्या माणसांचे फोटो. असले फोटो आपल्याकडे कुठल्याही नगर वाचनालयात टांगलेले असतात.

तर गोष्ट अशी. जपानने १९१० मध्ये कोरिया गिळला. १ मार्च १९१९ रोजी सोलमध्ये स्वातंत्र्याचा जाहीरनामा वाचला गेला, देशभर लोक रस्त्यावर उतरले आणि जपानने ते निर्दयपणे मोडून काढलं. देशात राहून काही करणं अशक्य झालं, तेव्हा जे निसटू शकले ते शांघायला जमले आणि ११ एप्रिल १९१९ रोजी त्यांनी हंगामी सरकार स्थापन केलं. तारीख लक्षात ठेवायला मराठी माणसाला सोपी आहे: त्यानंतर दोनच दिवसांनी अमृतसरला जालियनवाला बाग घडली. गंमत म्हणजे कोरियातही बरीच वर्षं हा स्थापना दिवस १३ एप्रिललाच पाळत असत. शंभर वर्षं पूर्ण झाली तेव्हा, २०१९ पासून, तो ११ वर आणला.

‘हंगामी’ या शब्दाने फसू नका. आपल्याला हंगामी म्हटलं की १९४६ चं नेहरूंचं सरकार आठवतं, म्हणजे खुर्च्या, खाती, लाल फिती सगळं जागच्या जागी. इथे तसं काही नव्हतं. देश हातात नाही, सैन्य नाही, कर नाही. होती ती एक छोटी दहा कलमांची सनद. त्यातलं पहिलंच कलम सांगत होतं की हा देश लोकशाही प्रजासत्ताक असेल. ज्या देशात नऊ वर्षांपूर्वीपर्यंत राजा होता, त्या देशातले पळून आलेले लोक परक्या शहरातल्या एका खोलीत बसून हे लिहीत होते. ‘देहान मिन्गुक’ हे नावही त्याच बैठकीत ठरलं. दक्षिण कोरियाचं आजचं अधिकृत नाव तेच आहे आणि त्यांच्या राज्यघटनेच्या प्रास्ताविकेत या हंगामी सरकारचा वारसा स्पष्ट शब्दांत सांगितलेला आहे.

शांघायच का? कारण शहराचा एक तुकडा फ्रेंचांच्या ताब्यात होता. त्या फ्रेंच वसाहतीत जपानी पोलिसांना मनाला येईल तसं शिरून कुणाला उचलता येत नसे, फ्रेंचांची संमती लागे. आणि फ्रेंच अधिकारी बराच काळ कानाडोळा करत. ही रेषा किती खरी होती ते एका उदाहरणावरून कळतं. पुढे या सरकारचा प्रमुख झालेल्या किम गू यांची बायको जानेवारी १९२४ मध्ये वारली. ती होती हाँगखोऊ भागातल्या इस्पितळात, म्हणजे फ्रेंच हद्दीबाहेर. तिकडे गेले असते तर जपान्यांनी पकडलं असतं, म्हणून शेवटच्या वेळी ते तिच्याजवळ जाऊ शकले नाहीत. आज त्या भागात मेट्रोने अर्ध्या तासाच्या आत पोचता येतं. दुपारी तुम्ही तिकडेच जाणार आहात.

किम गू हे नाव तेवढं पाठ करा, बाकीचे विसरलात तरी चालेल. शेतकऱ्याचा पोर, तरुणपणीच तुरुंग भोगलेला. १९१९ मध्ये शांघायला आला आणि आन चांग-हो या ज्येष्ठ नेत्याला म्हणाला, मला सरकारचा दरवान करा. त्यांनी दरवान न करता पोलीसप्रमुख केलं. १९२६ मध्ये तोच दरवान व्हायला आलेला माणूस सरकारचा प्रमुख झाला. ‘बेकबम’ हे त्याने स्वतःला घेतलेलं टोपणनाव. त्यातला ‘बेक’ खाटकांच्या, म्हणजे कोरियन समाजाच्या अगदी तळाच्या थराच्या नावातून आलाय आणि ‘बम’ म्हणजे सामान्य माणूस. जोतिबांच्या मुलखातल्या वाचकाला त्याचा अर्थ वेगळा उलगडून सांगायला नको.

आणखी एक खूणगाठ: हे घर सरकारचं जन्मस्थान नव्हे. पुष्कळ पाहुणे, आणि काही गाइडसुद्धा, तसं समजतात. सरकार जन्मलं दुसऱ्या रस्त्यावर, नंतर काही काळ आजच्या ह्वायहाय रोडवर मोठ्या जागेत होतं, आणि मग पैसे आटले तसं लहान जागांमध्ये सरकत गेलं. मादांग रोडवरचं हे घर १९२६ ते १९३२ या काळातलं, म्हणजे सगळ्यात कडकीच्या वर्षांतलं. पहिले अध्यक्ष सिंगमन री अमेरिकेत बसून कारभार करत म्हणून १९२५ मध्ये त्यांच्यावर महाभियोग चालवून त्यांना काढलं होतं. (हेच री पुढे १९४८ मध्ये दक्षिण कोरियाचे पहिले अध्यक्ष झाले.) गट पडले होते, माणसं पांगली होती. घराचं भाडं महिना तीस, निरोप्याचा पगार वीसच्या आत, आणि तेवढंही जमेना. भाडं थकल्याबद्दल घरमालक कोर्टात जाई. किम गूंनी स्वतःच हे सगळं लिहून ठेवलंय, लपवलं नाही. त्यांची आई खानावळींच्या उकिरड्यावर फेकलेली कोबीची वरची पानं वेचून आणायची आणि मिठात मुरवून ठेवायची.

हे डोक्यात ठेवून गेलात, की घर लहान वाटणार नाही.

पायरी दुसरी: व्हिसा, फोन, पैसे

भारतीय पासपोर्टवर चीनला जायचं तर आधी पर्यटक व्हिसा काढावा लागतो. अमुक देशांच्या लोकांना चीनमध्ये उतरून दहा दिवस बिनव्हिसा फिरता येतं, अशा बातम्या तुम्ही वाचल्या असतील. त्या यादीत अमेरिका, ब्रिटन आहेत, भारत नाही. न्यू जर्सीच्या चुलतभावाला जमलं म्हणून आपल्यालाही जमेल, असं समजून तिकीट काढू नका.

चीनमध्ये गूगलचे नकाशे आणि व्हॉट्सॲप स्थानिक इंटरनेटवर चालत नाहीत. आपल्या भारतीय सिमचं रोमिंग असेल तर चालतात. तरीही नकाशासाठी इथलं स्थानिक ॲप उतरवून घ्या, कारण गूगलचा नकाशा इथे चालला तरी खुणा थोड्या सरकलेल्या दाखवतो, आणि गल्लीबोळांत ते ‘थोडं’ फार महागात पडतं. पैशांसाठी अलीपे घरूनच सुरू करा, त्याला व्हिसा किंवा मास्टरकार्ड जोडा. यूपीआय आणि रुपे घरी ठेवा. शंभरेक युआन रोख खिशात असू द्या. पासपोर्ट जवळ ठेवाच, इथे लहानसहान ठिकाणीही तो मागतात.

पायरी तिसरी: स्टेशन

इथे मी स्वतः चुकलोय, म्हणून सविस्तर.

तुम्हाला उतरायचंय शिनत्येनदी स्टेशनला, लाइन १० किंवा लाइन १३ वर. २०२१ मध्ये या स्टेशनच्या नावाला चिनी कम्युनिस्ट पक्षाच्या पहिल्या अधिवेशनाच्या जागेचं नाव पुढे जोडलं. तेही ठीक होतं, पण त्याच वेळी लाइन १ वरच्या ह्वांगपी साउथ रोड स्टेशनलाही तेच नाव पुढे जोडलं. आता नकाशावर दोन स्टेशनं आहेत, दोघांची सुरुवात अक्षरशः एकसारखी, आणि दोन्ही एकाच परिसरात. मी नव्याने आलो होतो तेव्हा नावाचा पहिला अर्धा भाग पाहून उतरलो, वर आलो आणि पाऊण तास दुसऱ्याच बाजूला हिंडलो. म्हणून नावाची शेपटी वाचा: ‘शिनत्येनदी’ दिसलं तरच उतरा. चुकलातच तर फार बिघडत नाही, चालत दहा-पंधरा मिनिटांत येता येतं. पण उन्हाळ्यात शांघायची हवा म्हणजे मे महिन्यातली मुंबई, त्यात वारा नाही.

पत्ता: मादांग रोड, गल्ली ३०६, घर क्रमांक ४. हा पत्ता चिनी लिपीत हॉटेलातल्या माणसाकडून लिहून घ्या आणि त्याचा फोटो फोनमध्ये ठेवा. ‘कोरिया, गव्हर्नमेंट’ असं म्हणून हातवारे केलेत तर टॅक्सीवाला तुम्हाला हाँगचाओ भागातल्या वाणिज्य दूतावासाकडे नेऊन सोडेल. बरं, तिकडे कोरियन जेवण उत्तम मिळतं, पण तो वेगळा लेख.

स्टेशनातून वर आलात की आजूबाजूला काचेचे मॉल, आणि विटांची जुनी घरं घासूनपुसून त्यांत थाटलेली महागडी कॉफी. बाथरूम इथल्या मॉलमध्येच उरकून घ्या. हा सल्ला कुठल्याही पुस्तकात नसतो. आणि पुढे जाताना एवढं पाहून ठेवा: ती नटवलेली घरं आणि तुम्हाला पाहायचंय ते घर एकाच जातकुळीचं आहे. त्यांना म्हणतात शिखुमन, म्हणजे दगडी चौकटीचं दार असलेलं घर. काळा जाड लाकडी दरवाजा, आत एवढंसं अंगण, मग बैठकीची खोली, मागे स्वयंपाकघर, वर निमुळता जिना. एका ओळीत भिंतीला भिंत लावून बांधलेली. मुंबईची चाळ आणि पुण्याचा वाडा यांनी लग्न केलं असतं तर असं पोर झालं असतं.

पायरी चौथी: वेळ आणि तिकीट

सोमवारी सकाळी जाऊ नका, त्या वेळी बंद असतं. बाकीच्या दिवशी सकाळी नऊनंतर गेलात की उत्तम. भर दुपारी जेवणाच्या वेळेला, किंवा संध्याकाळी साडेचारनंतर दारात पोचू नका. ११ एप्रिल, १ मार्च आणि १५ ऑगस्ट (हो, कोरियाचाही स्वातंत्र्यदिन तोच, १९४५ चा) या तारखांच्या आसपास कोरियन सहली एकामागून एक येतात आणि जिन्यावर अक्षरशः रांग लागते. गर्दी टाळायची तर या तारखा टाळा. पण मी सांगेन, एकदा मुद्दाम त्याच दिवसांत जा. का ते पुढे येईल.

तिकीट २० युआन. खिडकी रस्त्याच्या बाजूला आहे, घराचं दार गल्लीत. पहिल्यांदा येणारा माणूस हमखास आधी दाराशी जातो आणि परत पाठवला जातो. गल्ली अरुंद आहे, आवाज घुमतो. शेजारच्या दारांत डोकावू नका, चार नंबर सोडून बाकी ठिकाणी तुमचं काही काम नाही.

पायरी पाचवी: आत, आणि घाई न करता

आधी एक छोटी चित्रफीत दाखवतात. भाषा कळली नाही तरी बसा, डोळे अंधाराला आणि मन जुन्या काळाला सरावतं.

तळमजल्यावर बैठकीची खोली. टेबल, खुर्च्या, कोरियाचे झेंडे. मंत्रिमंडळाची बैठक म्हणजे या टेबलाभोवती जेवढे बसतील तेवढे. मागे स्वयंपाकघर. माझी आई आली होती तेव्हा ती इथेच थबकली. मी वरच्या मजल्यावरच्या कचेरीबद्दल काहीतरी सांगत होतो, तिचं लक्षच नव्हतं. चुलीकडे, भांड्यांकडे बघत म्हणाली, ‘‘एवढ्या जागेत किती जणांचं करायची रे?’’ मग मी कोबीच्या पानांची गोष्ट सांगितली. ती काही बोलली नाही. जरा वेळाने म्हणाली, ‘‘मीठ तरी मिळत असेल ना पुरेसं.’’ मला या घरातला हा सगळ्यात नेमका प्रश्न वाटतो, आणि एकाही फलकावर त्याचं उत्तर नाही.

जिना. इथे सावकाश. लाकडी, उभा, पायरीवर अर्धंच पाऊल मावतं. सदाशिव पेठेतल्या वाड्यात ज्यांचं बालपण गेलं त्यांचे पाय आपोआप आडवे पडतील. बाकीच्यांनी कठडा धरावा. गुडघे दुखणाऱ्यांना आधीच सांगून ठेवा, लिफ्ट वगैरे नाही. वर जाणारे आणि खाली येणारे एकाच वेळी मावत नाहीत, तेव्हा कोरियन आजीआजोबा उतरत असतील तर खाली थांबून वाट द्या. ते मान लवून आभार मानतात, आपणही लववावी.

शिखुमन घरांत स्वयंपाकघराच्या वर, जिन्याच्या अर्ध्या वळणावर एक कोंदट खोली असते. उत्तरेकडे तोंड, उन्हाळ्यात भट्टी, हिवाळ्यात बर्फ. शांघायमध्ये गरीब लेखक आणि विद्यार्थी अशाच खोल्या भाड्याने घेत. वर चढताना तेवढं वळण नजरेत ठेवा.

दुसऱ्या मजल्यावर (इथे तळमजला पहिला धरतात) कचेरीची जागा आणि किम गूंचं टेबल. इथे उभे राहून एक हिशेब मनात करा. या टेबलावरून किम गू पत्रं लिहीत. हवाई, अमेरिका, मेक्सिको, क्यूबा, जिथे म्हणून कोरियन मजूर गेले होते तिथे. ऊस कापणाऱ्या, शेतात राबणाऱ्या लोकांना पत्र: तुमचं सरकार अजून जिवंत आहे, जमेल ते पाठवा. इंग्रजीत पत्ता घालायला दुसऱ्याची मदत लागे. आणि डॉलर यायला लागले, थोडे थोडे. करवसुलीचं खातं म्हणाल तर ते हे.

तिसऱ्या मजल्यावर खाटा. सरकारी कर्मचारी निवास म्हणा हवं तर. तिथून पुढे शेजारच्या घरांच्या खोल्या जोडून प्रदर्शन केलंय: कागदपत्रं, फोटो, नकाशा. हे सगळं आजच्या रूपात यायलाही वेळ लागला. चीन आणि दक्षिण कोरिया यांचे राजनैतिक संबंधच मुळी १९९२ च्या ऑगस्टमध्ये जुळले. १९९३ मध्ये घर दुरुस्त करून उघडलं आणि २०१५ मध्ये नव्याने मांडणी केली.

नकाशापाशी मात्र पाच मिनिटं द्या. १९३२ नंतर हे सरकार पळत होतं: हांगचौ, चनच्यांग, छांगशा, क्वांगचौ, ल्यूचौ, छीच्यांग आणि शेवटी १९४० मध्ये छोंगछिंग. जपानी सैन्य मागे, हे पुढे, म्हाताऱ्याकोताऱ्यांना आणि पोरांना घेऊन. छोंगछिंगला पोचल्यावर त्यांनी स्वतःची मुक्तिसेना उभारली. तिचं एक टोक थेट आपल्याकडे पोचतं. १९४३ मध्ये या सेनेची एक लहानशी तुकडी भारतात आली आणि ब्रिटिशांबरोबर इंफाळच्या आघाडीवर गेली. काम काय, तर जपानी सैनिकांना ऐकू जाईल असा ध्वनिक्षेपकावरून प्रचार आणि हाती लागलेल्या जपानी कागदांचं भाषांतर. त्याच आघाडीवर समोरच्या बाजूला, जपान्यांबरोबर, आपली आझाद हिंद सेना. दोन्हीकडे परदेशात स्थापन झालेली सरकारं, दोन्हीकडे तीच तळमळ, आणि बंदुका एकमेकांच्या दिशेने. या नकाशासमोर मी दर वेळी अडतो. कोण बरोबर होतं असलं काही माझ्या डोक्यात नसतं, नुसतं नकाशाकडे बघत राहतो.

आता त्या ‘का’बद्दल. एकदा एप्रिलमध्ये गेलो असताना माझ्या पुढे कोरियन शाळकरी मुलांची सहल होती. जिन्यावर ढकलाढकली, खिदळणं, सगळं आपल्या पोरांसारखंच. किम गूंच्या टेबलापाशी त्यांच्या बाईंनी हळू आवाजात काहीतरी सांगितलं, दोन वाक्यं असतील. पोरं गप्प झाली आणि एकेक करून वाकली. कुणी रांग लावायला सांगितली नव्हती. त्यांच्या मागे मी, हातात छत्री आणि पाठीला सॅक. मीही वाकलो, नाहीतर जिना मोकळा होईना.

कोरियन पाहुण्यांशी गप्पा झाल्याच तर एक सांभाळा. देशाचा जन्म १९१९ चा की १९४८ चा, हा त्यांच्याकडे अजूनही राजकीय वादाचा विषय आहे. आपण पाहुणे आहोत. विषय निघालाच तर चित्रपटांकडे वळवा.

सगळं मिळून पाऊण तास पुरतो. बाहेर पडताना एक लहान दुकान लागतं, घ्यायलाच हवं असं त्यात फार काही नाही.

पायरी सहावी: दुपारी हाँगखोऊ

बहुतेक लोक इथून थेट कॉफी प्यायला जातात. काही जण चालत कम्युनिस्ट पक्षाच्या पहिल्या अधिवेशनाच्या जागी जातात. तिथे मात्र आधी नोंदणी लागते आणि गर्दी प्रचंड. १९२१ साल, तीच फ्रेंच वसाहत, तसंच शिखुमन घर. वेळ असेल तर पाहा. पण माझं ऐकाल तर आधी हाँगखोऊला जा, कारण चार नंबरच्या घराची गोष्ट तिथे संपते.

शिनत्येनदीहून लाइन १० ने एकच स्टेशन, लाओशीमेन. तिथे गाडी बदलून लाइन ८, हाँगखोऊ फुटबॉल स्टेडियमला उतरा. बाहेर आलात की लू शुन पार्क. पार्कला तिकीट नाही. आत ‘मेईयुआन’ नावाची वेगळी बाग आहे, तिला थोडं तिकीट आहे. तिथे युन बोंग-गिल या कोरियन तरुणाचं स्मारक आहे.

२९ एप्रिल १९३२. जपानी सम्राटाचा वाढदिवस आणि त्याच वर्षी शांघायवर मिळवलेल्या विजयाचा सोहळा, दोन्ही एकत्र, याच पार्कात. त्या सकाळी किम गूंनी युनबरोबर न्याहारी केली. निघताना युनने आपलं घड्याळ काढलं. ते त्याने नुकतंच सहा वॉनला घेतलं होतं. म्हणाला, तुमचं दोन वॉनचं आहे, आपण बदलू या, मला आता एकच तास लागणार आहे. किम गूंनी बदललं. मग तो गाडीत बसला. पाण्याच्या बाटलीसारखा दिसणारा बॉम्ब त्याने मंचावर फेकला. जनरल शिराकावा जखमांनी महिनाभरात मेले. राजदूत शिगेमित्सु यांचा एक पाय गेला. हेच शिगेमित्सु तेरा वर्षांनी, १९४५ च्या सप्टेंबरमध्ये, मिसूरी या अमेरिकी युद्धनौकेवर काठी टेकत चढले आणि जपानच्या वतीने शरणागतीवर सही केली. त्या जुन्या चित्रफितीत ते लंगडताना दिसतात. ते लंगडणं या बागेतलं.

युनला त्याच वर्षी डिसेंबरमध्ये जपानात नेऊन गोळ्या घातल्या. चोविशीतला पोरगा. आणि फ्रेंचांचा कानाडोळा त्याच दिवशी संपला. धरपकड सुरू झाली, आन चांग-हो पकडले गेले, किम गूंच्या डोक्यावर सहा लाखांचं बक्षीस लागलं आणि त्यांनी शांघाय सोडलं. चार नंबरचं घर रिकामं झालं ते असं. किम गू स्वतंत्र कोरियात परतले, पण १९४९ च्या जूनमध्ये सोलमध्ये एका कोरियन लष्करी अधिकाऱ्यानेच त्यांना गोळ्या घातल्या.

(पुढचा माग काढायचा असेल तर च्याशिंग आणि हांगचौ दोन्ही ठिकाणी जपलेल्या जागा आहेत, शांघायहून वेगवान रेल्वेने एका दिवसात होतात. च्याशिंगला किम गू क्वांगतुंगचा चिनी माणूस म्हणून लपले होते, आणि धोका वाटला की होडीत बसून तळ्यावर जात.)

मेईयुआनमध्ये एक लाकडी दुमजली मंडप, थोडी कागदपत्रं, भोवती झाडं. फेब्रुवारी-मार्चमध्ये गेलात तर आलुबुखाराची फुलं असतात, युनच्या टोपणनावातही तेच फूल आहे. अर्धा तास खूप झाला. हे दार दुपारी चार-साडेचारलाच बंद होतं, पार्क मात्र उघडं असतं, तेव्हा मेईयुआन आधी उरका. पार्कात नाचणारे, गाणारे, पाण्याने फरशीवर अक्षरं गिरवणारे आजीआजोबा अंधार पडेपर्यंत तिथेच असतात, त्यांच्याकडे नंतर निवांत बघा. दुपारचं ऊन असेल तर त्यांची अक्षरं शेवटपर्यंत वाचून होत नाहीत, सुरुवातीची वाळायला लागलेली असतात.